कोणी न नेलेली मांजर

१९९९ साली माझ्या धाकट्या दिरांनी माझी मांजर पोत्यात घातली आणि राजापूरला नेऊन सोडली. दारासमोरच्या खळ्यात वाळत घातलेले बांगडे तिनं पळवले होते, एवढाच गुन्हा. नवरा मुंबईला नोकरीला. रत्नागिरीच्या घरात अर्ध्या भागात मी, अर्ध्यात हे विधुर दीर, पडवी सामाईक. मी दोनदा एसटीनं राजापूरला जाऊन शोधून आले. सापडली नाही. दीर एवढंच म्हणाले की मांजरच होतं ते.

ते मी विसरले नाही. जवळच्या नाचणे गावात एक निवृत्त शिक्षिका परसात टाकून दिलेली मांजरं सांभाळायच्या. त्यांच्याकडे जाऊन म्हटलं, कोणी नेत नाही असं एखादं द्या. त्यांनी फाटक्या कानाची करडी मांजर दाखवली. दोन घरांनी तिला नेऊन परत आणून दिलं होतं.

"हिला हात लावायला जाऊ नका," त्या म्हणाल्या. "तिला वाटेल तेव्हा ती येईल."

मला ती दिरांच्या नाकावर टिच्चून पाळायची होती. हे मी बाईंना सांगितलं नाही.

दोन महिने ती माझ्या खाटेखालून दिवसा बाहेर आली नाही. मी बशी ठेवायची आणि तिच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायची. हातावर बोचकारे उठले, पण कधी आवाज चढवला नाही. शेजारणीला माझ्या धीराचं कौतुक वाटायचं. तो धीर नव्हता, राग होता. चौथ्या महिन्यात तिनं माझ्या हातातून तारली मासळी घेतली. त्या दिवशी मात्र दिरांची आठवण झाली नाही.

पुढं दोन वर्षांनी दिरांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी पायऱ्या चढणं-उतरणं बंद केलं. ते दिवसभर पडवीत खुर्चीवर बसून असत. जेवण मी करून द्यायची. एका दुपारी बघते तर मांजर त्यांच्या मांडीवर झोपलेली. माझ्या मांडीवर ती कधीच बसली नव्हती. मग रोजच तसं होऊ लागलं. ती दिसली नाही की ते मला विचारायचे, आज आली नाही का.

तेव्हा मला कळलं की वेळ आली. एका सकाळी मी तिला झाकणाच्या टोपलीत कोंबलं आणि त्यांच्या समोरून पायऱ्या उतरले. आत ती किंचाळत होती. कुठं नेताय, त्यांनी विचारलं.

"राजापूरला," मी म्हटलं.

ते खुर्चीचे हात धरून उठले आणि पायऱ्या उतरून खळ्यात आले. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"वहिनी, चुकलं माझं."

 मी त्यांना तसंच उन्हात उभं ठेवलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग झाकण काढलं. मांजर दगडी गडग्यावरून उडी मारून काजूच्या बागेत दिसेनाशी झाली.

चार दिवसांनी परतली, ती थेट त्यांच्या पायाशी. मी पुन्हा बशी ठेवून पाठ करून बसू लागले. बशीतलं खायची, पण मी उठून गेल्यावर.

दीर आणखी तीन वर्षं जगले. त्यांचं पथ्याचं जेवण मी एक दिवस चुकवलं नाही, आणि झालं गेलं सोडा, असंही कधी म्हटलं नाही. ताट घेऊन मी पडवीत आले की मांजर त्यांच्या मांडीवरून उतरायची आणि निघून जायची.