गडावरचं ऊन

गडाच्या माथ्यावर टेकले तेव्हा पायांत जीव नव्हता. माझ्या कातडीला ऊन सोसत नाही, म्हणून अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तोंडाला ओढणी. ताक विकणाऱ्या मावशींनीही लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवला होता, खांद्यांवर पार विटलेला. ऊन आधी कापड खातं, मग माणूस.

“एवढं झाकून उन्हात येतीस कशाला?” त्यांनी विचारलं.

आईही हेच विचारते, डॉक्टरही. सांगून सांगून थकलेय मी. “घरात बसून जीव उबगतो,” म्हणाले.

“बया! आन् मी घरी बसायला कधी मिळंल, म्हणून वाट बघती.”

ताक पिऊन उठले. बाहीचं बटण सुटलं होतं, हातमोज्यातल्या बोटांनी लागेना. मावशींनी ते लावलं, मानेवर ऊन नको म्हणून माझी कॉलरही उभी केली. त्यांच्या शर्टाची कॉलर कधीच झिजून गेली होती.