उतरत्या पाइपावरची झोळी

गावी, माकुणसारच्या आमच्या घरात झोळी बांधताना कुणी विचार करत नसे. लाकडी वाशावरून दोरी टाकायची, खाली गाठ मारायची, झालं. लाकूड खरखरीत, त्यामुळे दोरी जिथे टाकली तिथेच राहते. बोईसरला ताईच्या भाड्याच्या खोलीत लाकूड नव्हतं. वर पत्रे, पत्र्यांखाली लोखंडी पाइप, तोही एका भिंतीकडे उतरता. मालकाने त्याला नुकताच ऑइलपेंट मारून घेतला होता.

मी तेव्हा ताईकडे राहून पालघरच्या कॉलेजला जात होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. त्यामुळे जे कुणाला येत नाही ते मला येत असणार, असं सगळ्यांनी धरलेलं. गॅसचा रेग्युलेटर, बँकेचा मेसेज आणि आता झोळी.

ताईचं बाळ चार महिन्यांचं होतं. ती एका कंपनीत ठेकेदारामार्फत औषधाच्या गोळ्या पॅक करायची. उद्यापासून येत असशील तर ये, नाहीतर दुसरी बाई लावतो, असं ठेकेदाराने कळवलं होतं. बाळाला सांभाळायला आई गावाहून आली होती. पण बाळ अंथरुणावर झोपत नसे. हातात घेऊन हलवलं तरच डोळे मिटायचं, आणि आईच्या खांद्यात आता तेवढा दम नव्हता. झोळी टिकली तर ताई कामाला जाणार, नाहीतर नाही. हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.

सकाळीच स्टुलावर चढून मी दोरी बांधली आणि आईचं जुनं सुती लुगडं दुहेरी करून अडकवलं.

"रिकामी हलवू नको गो," आई म्हणाली. "रिकामी झोळी हलवायची नाय."

म्हणून तांदळाची पिशवी आत ठेवली. नुसती ठेवली तेव्हा सगळं ठीक दिसलं. हलवायला लागले तशी दोरी दर झोक्याला थोडी थोडी उताराकडे सरकत गेली, आणि शेवटी पिशवी भिंतीवर आपटली.

ताई बाळाला घेऊन दारात उभी होती. बाळाचं डोकं तिने दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"कालिजात काय शिकवतात गो तुला?" आईने विचारलं.

"माझा बी.कॉम. हाय, आये."

"मग तांदूळ मोज, सांडला किती तो."

मी मोबाइलवर शोधलं. वजन पडलं की आपोआप आवळत जाणारी एक गाठ त्यात दाखवली होती. ती गुळगुळीत पाइपावरही सरकत नाही म्हणे. मी आईला समजावायला गेले आणि बोलून बसले, "हा सरकफास हाय."

आईचा हात थांबला. "लेकराच्या झोळीला फास?"

"आये, गाठच हाय ती."

"मग गाठ बांध. फास नाय लागणार. माझी पोरं झोळीतच वाढली, कोनाला फास नाय लावला आमी."

मी चिडले. हात वर धरून धरून माझे खांदे भरून आले होते. नाव घेतलं नसतं तर तिला कळलंही नसतं, असं मनात आलं. पण तो शब्द एकदा खोलीत आल्यावर, खरं सांगायचं तर, मलाही ती गाठ बाळाच्या डोक्यावर नकोशी झाली.

पाम गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पंक्चरवाला बसतो. त्याच्याकडून सायकलची फुटकी ट्यूब मागून आणली. ती उभी कापली, पाइप कोरड्या फडक्याने घासून पुसला आणि रबराची पट्टी ताणून ताणून गुंडाळली. त्या रबरावर दोरीचे वेढे एकाला एक लावून घेतले आणि खाली साधी दुहेरी गाठ मारली. तरी उतार होताच. म्हणून दुसरी दोरी वेढ्यांना बांधून चढाच्या बाजूच्या भिंतीत असलेल्या हुकाला ताणून अडकवली. आता खाली सरकायचं म्हटलं तरी ती धरून ठेवणार होती.

तांदूळ पुन्हा ठेवला. दोरी हलली नाही.

"तांदूळ लाथा मारत नाय," आई म्हणाली.

तेव्हा ताईने बाळ आईच्या मांडीवर दिलं, पिशवी बाहेर काढली आणि स्वतः झोळीत बसली.

"ताय, तू?"

"मला झेललं तर त्यालाही झेलंल. हलव."

मी हलवलं. दोरी कुरकुरली, रबरात जरा रुतली आणि तिथेच राहिली. मी मान वर करून पाइपाकडे बघत होते. आणखी जोरात हलवू का, म्हणून विचारलं. पुन्हा विचारलं, तेव्हा खाली पाहिलं. ताईची मान एका बाजूला कलली होती, पाय जमिनीवर घासत होते. ती झोपली होती.

बाळ कुरकुरायला लागलं. मी तिला उठवायला हात पुढे केला, तर आईने मानेनेच नको म्हटलं.

"राहू दे. उद्यापासून तिला कोन झोपू देनार हाय?" असं हळूच म्हणून ती बाळाला खांद्यावर टाकून बाहेर गेली. तोच दुखरा खांदा.

माझे हात गळून आले होते. पण थांबले तर ती जागी होईल, असं वाटत होतं. म्हणून मी झोका देत राहिले आणि मधूनमधून वर बघत राहिले.