ओल्या गाळातल्या लाल झेंड्या

आमच्या जिल्ह्यातून समुद्र गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र आडवा पार करावा लागतो. तरीही किनाऱ्याच्या नियोजनाची एक कार्यशाळा आमच्याकडे आली. बोदलकशाच्या बाजूच्या एका गावात, तलावाच्या काठी. मूळ योजना समुद्रकाठच्या गावांसाठी आखलेली होती. हवामान बदलतंय, तर पाण्याची हद्द कुठे ठेवायची हे काठावरच्या लोकांनी मिळून ठरवावं, असा तिचा मुद्दा. मुद्दा वाईट नव्हता. फक्त पडद्यावरच्या चित्रांत नारळ होते आणि खिडकीबाहेर मोह. तलावांवर मी कधीतरी एक लेख लिहिला होता, तेवढ्या भांडवलावर मला 'स्थानिक तज्ज्ञ' म्हणून बोलावलं गेलं. पोहता येतं का, हे कुणी विचारलं नाही.

प्रस्ताव साधा होता. पाऊस आता मधेच गायब होतो आणि आला की एकदम कोसळतो. म्हणून तलावाचा सांडवा, म्हणजे जादा पाणी जिथून बाहेर पडतं तो बांध, हातभर उंच करायचा. पाणी जास्त साठेल, धानाला शेवटचं पाणी मिळेल, मासेही वाढतील. कार्यशाळा चालवणाऱ्या मॅडम समुद्रकाठच्याच होत्या. तरुण, मेहनती, आणि गावाचं ऐकायची खरोखर इच्छा असलेल्या. त्यांनी चार टेबलं मांडली होती: शेतकरी, मासेमार, महिला, युवक. निम्म्या लोकांना कुठे बसावं कळेना, कारण सकाळी जाळं टाकणारा माणूस दुपारी धानात असतो. शेवटी ज्या टेबलावर पंख्याचा वारा लागत होता तिथे गर्दी झाली.

महिलांच्या टेबलाला पिण्याच्या पाण्याचा विषय दिला होता. सांडव्याबद्दल प्रत्येक घराचं एकच मत घ्यायचं ठरलं, आणि ते अर्थातच पुरुषांनी दिलं. सगळ्यांनी 'हो' म्हटलं. आमच्याकडे चहा पाजणाऱ्या पाहुण्याला तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. पण मॅडमना ते एकमत वाटलं आणि त्या खूश झाल्या. संध्याकाळी त्यांनी स्वतः काठावर फिरून, सांडवा वाढल्यावर या दिवसांत पाणी कुठवर राहील ते दाखवायला ओल्या गाळात लाल झेंड्या रोवल्या. ओळ सुंदर दिसत होती. मी कौतुकही केलं.

सकाळी गेलो तर प्रत्येक दोन झेंड्यांच्या मधे पळसाची एकेक फांदी उभी होती, आणि फांद्यांच्या मागे बायका.

दिवाळीनंतर तलाव उतरायला लागतो, तसा त्याच्या पोटातला ओला गाळ उघडा पडतो. त्या गाळात या बायका वांगी, टमाटर लावतात. जागेला सातबारा नाही. गाळात फांदी रोवली की ती जागा धरली, आणि दुसऱ्याच्या फांदीला कुणी हात लावत नाही. म्हणजे मॅडमनी आदल्या संध्याकाळी, गावाच्या भाषेत, सगळा काठ स्वतःसाठी धरला होता.

पुढे उभ्या असलेल्या एका बाईने विचारलं, "मॅडम, तुमाले इतक्या वांग्याचं काय करायचं आहे?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी तज्ज्ञासारखा तलावाकडे पाहू लागलो.

त्या बाईचा नवरा मासेमार. तो घाईने मधे पडला. "अवो, मॅडम जागा नाई धरून राहिल्या. पाणी कुठवर येईन थे दाखवून राहिल्या."

"म्हंजे माही वांगी पाण्यात?"

"पाणी उशिरा उतरंन, इतकंच."

"रोपं घरी तयार आहेत. थे काय तुह्या डोक्यावर लावू? अन् काल 'हो' कायले म्हनला?"

"मले मासोई दिसली ना," तो म्हणाला. बायका हसल्या. ती हसली नाही.

मॅडमनी नकाशा उघडला. "तुमची जागा यावर दाखवा ना."

"कोनत्या सालची?" बाईने विचारलं. पाणी दरवर्षी वेगळ्या ठिकाणी थांबतं, जागाही त्याच्यासोबत सरकते. कायम राहते ती फक्त शेजारीण. मॅडमनी नकाशा गुंडाळला आणि विचारलं, "मग मी काय करू?" तो प्रश्न कार्यशाळेतला नव्हता, म्हणून मला आवडला.

"आमच्या घरचा 'हो' काढा."

"घरामागे एकच मत आहे."

"मंग अर्धा काढा."

नवऱ्याला वाटलं आता घरी जेवण मिळणार नाही. त्याने तिथल्या तिथे तोड काढली. पक्कं बांधकाम नको, सांडव्यावर रेतीची पोती टाकू. धानाचं पाणी झालं की पोती काढायची, तलाव जुन्या पातळीवर येईल, गाळ वेळेवर उघडा पडेल.

"पोती काढन कोन?"

"मी."

"तू?" ती म्हणाली. एवढं पाणी आणि त्यातले मासे सोडायला मासेमार सांडव्यावर जाईल, हे तिथल्या एकालाही पटलं नाही, त्यालाही नसावं. "पोती आमी काढू. तसं लिवा."

मॅडमनी तसं लिहिलं. मग स्वतःच्या झेंड्या एकेक करून स्वतःच उपटल्या. कुणीही मदतीला गेलं नाही, आणि आता त्यांनाही त्याचं कारण कळलं होतं. अहवालात या प्रकाराला 'सहभागाचा दुसरा टप्पा' असं नाव मिळालं.

पुढच्या वर्षी, धान कापणीला आलं तेव्हा मी मुद्दाम त्या गावी गेलो. लिहिलेलं कुणी पाळतं का, याची मला नेहमीच उत्सुकता असते. सांडव्यावर बायका रांगेत उभ्या राहून पोती ओढत होत्या, तीच बाई सर्वात पुढे. गढूळ पाणी धबाधबा खाली पडत होतं.

खाली, कमरेइतक्या पाण्यात, तिचा नवरा जाळं लावून उभा होता.

"ओढ ना जोरानं," तो वर पाहून ओरडला. "किती वेळ लावून राहिली?"