चौगुले सरांची शिंक आणि रूपालीची फिल्म

प्रयोग जमला की पेपर निघतो, फसला की किस्सा. आमच्या सांगलीच्या कॉलेजातल्या फिजिक्स लॅबमधून आजवर पेपर मोजकेच निघाले. किस्से मात्र, काय सांगू, कपाटात मावेनात!

लॅबमध्ये आम्ही चौघं. गाईड चौगुले सर, लॅब असिस्टंट बापू, शिराळ्याची रिसर्च स्टुडंट रूपाली आणि मी, म्हणजे प्रॅक्टिकल घेणारी मॅडम. टीव्हीच्या पडद्यात असतं तसलं लिक्विड क्रिस्टल रूपाली दोन तारांच्या मधे ताणायची. साबणाच्या पाण्याचा पडदा धरतो ना, तसंच, पण केसापेक्षाही कितीतरी पातळ. हीच ती फिल्म. मग व्होल्टेज हळूहळू वाढवायचं. एका क्षणी ती निवांत फिल्म आपोआप फिरायला लागते. शेजारी शेजारी भोवरे, एक उजवा, एक डावा! हे भोवरे पीएचडीच्या कमिटीला डोळ्यांनी दिसले तरच रूपालीला कामासाठी आणखी एक वर्ष मिळणार होतं. नाहीतर तीन वर्षांच्या मेहनतीवर पाणी.

आणि फिल्म अशी नाजूक की कुणी जोरात 'हो' म्हटलं तरी फुटायची.

* * *

चौगुले सर पक्के विज्ञानवादी. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम त्याच रस्त्यानं जाणारे! पण सरांची शिंक म्हणजे सुतळी बॉम्ब. एकदा फिल्म ताणून झाली, रूपालीनं बटणाला हात घातला, आणि सर शिंकले. फिल्म गायब!

बापू पाटणकडचे. ते शांतपणे म्हणाले, "कामाच्या टायमाला शिंक आली की थांबावं, आमची आई म्हणायचीच."

सर भडकले. "बापू, ही अंधश्रद्धा आहे!"

"व्हय सर. पण फिल्म कुठं हाय?"

* * *

उसाचा सीझन सुरू झाला की आणखी वैताग. कॉलेजसमोरून डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर गाणी लावून जायचे. इकडे टेबल थरथरलं की फिल्म फुटलीच. टेबलाच्या पायांखाली हवा भरलेल्या ट्यूब ठेवल्या तर धक्के बसत नाहीत, असं सरांनी कुठंतरी वाचलं. म्हणून मी आणि रूपाली पंक्चरवाल्याकडे गेलो.

"गाडी कंची?"

"गाडी नाही, टेबल आहे."

त्यानं आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. "टेबल कुठं न्यायचंय?"

"कुठंच नाही. ते जागचं हलू नये म्हणून तर ट्यूब पाहिजेत!"

"आवं मॅडम, हलवायचंच न्हाई तर विटा ठेवा की!"

* * *

खंडेनवमीला लॅबमधल्या यंत्रांची पूजा बापूंचीच. त्या दिवशी रूपाली फिल्म ताणून, व्होल्टेज चालू ठेवून बसली होती, आणि बापूंनी भक्तिभावानं उदबत्तीचा जुडगा थेट मायक्रोस्कोपभोवती ओवाळला!

"बापू, धूर! धूर!" रूपाली रडायच्या बेतात. पण फिल्म टिकली. तिनं आत डोकावलं आणि मलाही हाताला धरून ओढलं. धुराचे बारीक कण फिल्मवर बसले होते आणि भोवऱ्यांबरोबर गरागरा फिरत होते. एरवी मोठ्या मुश्किलीनं समजणारे भोवरे आज स्वच्छ दिसत होते! मला तर नाचावंसं वाटलं.

सरांनी पेपरात लिहिलं, 'धुराचे कण वापरले.' बापूंनी ते वाचून घेतलं आणि दोन दिवस फुगून बसले.

"एवढी महागाची उदबत्ती आणली, अन् मोगरा लिवलं न्हाई व्हय?"

* * *

रूपालीच्या आत्तीनं एकदा विचारलं, "तू करतीस तरी काय गं?"

"आत्ती, चुलीवर आमटी कशी खालनं वर, वरनं खाली फिरते? तसंच. फक्त चुलीऐवजी करंट."

"बरं. मग शिजतं काय?"

"काहीच नाही."

"मग तीन वर्सं काय करतीयास गं बाई?"

गंमत म्हणजे कमिटीनंही आधीच्या बैठकीत नेमकं हेच विचारलं होतं. फक्त इंग्रजीत.

* * *

शेवटी तो दिवस आला. कमिटीतल्या बाहेरगावच्या तज्ज्ञ साहेबांनी दारातच सांगितलं, "मला गाडी गाठायचीय, दहा मिनिटांत उरका." रूपालीचे वडील, रिटायर्ड हवालदार, इस्त्रीच्या कपड्यांत बाहेरच्या बाकावर ताठ बसले होते.

पहिली फिल्म फुटली. दुसरीही फुटली. तिसरी टिकली. साहेबांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. तिनं व्होल्टेज वाढवलं.

"अजून थोडं... आता कमी करा... परत वाढवा!"

चहा गार झाला. ड्रायव्हर दारात येऊन दोनदा खाकरला. साहेब काही उठेनात.

अखेर ते बाहेर आले. कागदावर सही व्हायची होती, रूपाली त्यांच्या मागे उभी होती. साहेबांनी वडिलांना विचारलं, "मुलगी काय करते, समजतं का तुम्हाला?"

वडील खाडकन उभे राहिले. "न्हाई साहेब. पोरीनं लय येळा सांगितलं, डोक्यात शिरलं न्हाई. पण तुमी घाईनं आत गेलासा अन् त्या नळीवरचा डोळाच काढंनासा, ते ह्या दाराच्या काचंतनं बघितलं. तवाच घरी फोन लावला, पुरणाला डाळ टाका म्हणून!"