पट्ट्यावरचं मांजर

माझा भाऊ कापसाच्या ट्रकवरून पडला तेव्हा मी पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला होते. आमचं गाव केळापूरच्या अलीकडे. दादा कापूस नेणाऱ्या ट्रकांवर हमाल होता. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, जवळच्या जिनिंग, म्हणजे सरकी काढायच्या गिरण्या, बंद पडल्या होत्या आणि माल पार वणीकडे न्यावा लागे. खेप लांबची, म्हणून ट्रक जास्तच उंच भरत. दादा वर चढून दोर आवळत होता. दोर तुटला आणि तो पाठीवर डांबरी रस्त्यावर आला.

नागपूरच्या डॉक्टरांनी मोडलेला मणका पट्टी आणि स्क्रू लावून बसवला. आतला मज्जारज्जू चेपला गेला होता. "त्यावर उपाय नाही," असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. दादाला छातीखालचं काहीच कळत नव्हतं. घरी आणल्यावर आई त्याची लघवीची नळी बदलू लागली, त्याला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर करू लागली. वडील आधीच गेले होते. दादाचं लग्न ठरत आलं होतं, त्याबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही.

पदवी हातात आल्यावर मी नोकरी शोधली ती मुद्दाम अशाच जागी. दक्षिणेतल्या एका शहरात मज्जारज्जूच्या इजेवर संशोधन चाले, मांजरांवर. मला भूल देण्याचं आणि नंतरच्या देखभालीचं काम मिळालं.

पूर्वी अशा प्रयोगात जनावराची पाठ उघडून हाड कापत. आमच्याकडे तसं नव्हतं. कमरेजवळ सुई जाईल एवढंच भोक पाडायचं, त्यातून बारीक नळी मणक्यांच्या पोकळीत वर सरकवायची. नळीच्या टोकाला फुगा. एक्स-रेच्या पडद्यावर बघत नळी ठरलेल्या मणक्यापाशी आणायची आणि फुगा फुगवायचा. पडद्यावर तो तुरीच्या दाण्याएवढा दिसे. थोडा वेळ तसाच ठेवून हवा काढून घ्यायची. जखमेला एक टाका पुरे. शुद्धीवर आल्यावर मांजर पुढच्या पायांवर उठू बघे आणि मागचं अंग फरफटत राही. कापाकापी नसल्यामुळे वेदना कमी, आणि इजा माणसाला अपघातात होते तशी, असं आमचे मोठे डॉक्टर सांगत. ते खरंच होतं. मोठे डॉक्टर हळुवार माणूस होते. फुगा फुगवताना ते कुणाशी बोलत नसत.

नंतर ती मांजरं माझ्या ताब्यात येत. त्यांना आपोआप लघवी होत नसे. पोटाखाली हात घालून, मूत्राशय बोटांत धरून, हलकेच दाबून ती काढावी लागे. पहिल्यांदा ते केलं तेव्हा मला घरातली खाट आणि आईचे हात दिसले. काही आठवड्यांनी त्याच वाटेने, तशाच नळीने, अर्ध्या मांजरांच्या इजेच्या जागी, ती भरून यावी म्हणून, नव्या पेशी सोडल्या. मग सगळ्यांना रोज ट्रेडमिलच्या चालत्या पट्ट्यावर धरायचं. शेपटीपाशी आधार द्यायचा, पट्टा सुरू करायचा.

एका करड्या मांजरीने एक दिवस मागचा पाय उचलून पुढे टाकला. मग दुसरा. मी फोनवर घरी सांगितलं. त्यानंतर दादा प्रत्येक फोनवर आधी तिचीच चौकशी करायचा. आईने शेजारणींना सांगून टाकलं की पोरीच्या तिकडे औषध निघून राह्यलं.

दिवाळीत घरी आले. दादाचे पाय काडीसारखे झाले होते. पडून राहून पाठीच्या खालच्या बाजूला जखम पडली होती, हाडापर्यंत गेलेली. मी ती धुतली. आई चुलीपाशी गेल्यावर त्याने विचारलं,

"त्या मांजरीचं कंबरडं मोडलं कशानं होतं?"

"आम्हीच करतो, दादा. भूल देऊन."

"जाणून?"

"हो."

तो वर बघत राहिला. "ती तर कुठूनच पडली नव्हती," तो म्हणाला. "बरं, चालते तं हाये ना?"

मला त्याच्याशी खोटं बोलता आलं नसतं. बोलले असते तरी त्याने ओळखलं असतं. मी सांगितलं की पट्ट्यावर मागचे पाय पडतात ते मेंदूच्या सांगण्यावरून नाही. मांजराच्या मज्जारज्जूतच, इजेच्या खाली, चालीची एक सवय असते. पट्टा सरकला की ती जागी होते. जमिनीवर सोडलं की मांजर पुन्हा फरफटतं.

"मंग तिले कळते का, आपण चालून राह्यलो म्हून?"

"मागच्या पायांचं नाही कळत."

"अन् माणसाचं? मले कोणी पट्ट्यावर धरलं तं?"

"माणसात ती सवय तेवढी नसते."

"अन् ते पेशी सोडते म्हन्ते तू, ते?"

"अजून पाहून राह्यलो, दादा."

त्याने चुलीकडे बघितलं. मग म्हणाला, "आईले नको सांगू. ते लोकाईले सांगून राह्यली, सांगू दे तिले."

निकाल लागला तेव्हा पेशी दिलेली आणि न दिलेली मांजरं सारखीच निघाली. पट्ट्यावर दोन्हीकडची चालत होती, जमिनीवर दोन्हीकडची चालत नव्हती. पुढचं काम ठरलेलं होतं. मज्जारज्जू काढून त्यांचे पातळ काप काचेवर, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. त्यासाठी भूल मीच दिली, यावेळी न उठण्याची. करडी मांजर सवयीने माझ्या हाताला डोकं घासत होती, आणि मोठे डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभे होते. काचेवर इजेच्या जागी पोकळी दिसली. सोडलेल्या पेशींपैकी जवळजवळ काही उरलं नव्हतं.

हे मी घरी कळवलं नाही. दादानेही पुढे विचारलं नाही. फोनवर तो पाऊसपाण्याचं बोलायचा, जिनिंग अजून बंदच आहे म्हणायचा.

पुढच्या वेचणीच्या दिवसांत त्याच्या जखमेतलं विष रक्तात गेलं. मी पोचले तेव्हा तो यवतमाळच्या दवाखान्यात होता, तापाने बडबडत होता. मला ओळखलं नाही. दुसऱ्या दिवशी गेला. गावच्या बुद्धविहारातली माणसं आली, त्यांनी अंत्यविधीचं सगळं केलं. आईने माझ्याकडे बघून फक्त एवढंच म्हटलं, "आनखी थोडा दम धरला असता तं औषध भेटलं असतं ना व त्याले?"

मी हो म्हटलं.

रजा संपली तशी परत गेले. नवी मांजरं आली होती, नव्या औषधाची तयारी होती. आणखी एक फेरी मी काढली, तिचाही निकाल तसाच आला. मग नोकरी सोडून आईजवळ राहायला आले. आता आसपासच्या गावांतली गाईगुरं बघते. कधी कुणी विचारतं, मॅडम, तुम्ही त्या मणक्याच्या कामात होत्या ना, आमच्या घरी एक जण झोपून आहे, काही निघालं का? मी नाही म्हणते. माणूस उभाच राहतो, आणखी काही सांगेन म्हणून. त्याला वळवत राहा, जखम पडू देऊ नका, एवढं सांगते आणि गाडी सुरू करते.