जिकडे हात, तिकडे वाट

फोन आला तेव्हा मी पाटणकर बाजारात आईसाठी चपला बघत होतो. दुकानदार एक जोड उलटा करून तळ दाखवत होता आणि मी नेहमीप्रमाणे घासाघीस करायच्या तयारीत होतो. पलीकडून पंकज बोलत होता, माझ्या धाकट्या बहिणीचा, अनघाचा, नदीवरचा सोबती. तो म्हणाला, "भैया, आप कहीं बैठ जाइए." मी बसलो नाही. मला वाटलं, हिचा पुन्हा खांदा निखळला असणार, आणि मी आधी चिडलोच... लिहायला लाज वाटते, पण बातमी कळायच्या आधी माझ्या तोंडून निघालं ते, "अब क्या कर लिया उसने?" मग त्यानं सांगितलं. घरी पोचलो तेव्हा माझ्या हातात एकच चप्पल होती. ती मी आईच्या पायाशी ठेवली.

अनघा माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. वडील लवकर गेल्यामुळे माधवगंजच्या घरात मी तिचा अर्धा भाऊ आणि अर्धा बाप होतो, आणि दोन्ही कामं मी आवाज चढवूनच केली. आमचं घराणं दख्खनेतून फौजेबरोबर इकडे आलेलं; पण तलवारी कधीच माळ्यावर गेल्या आणि मागच्या तीन पिढ्या सगळे कारकून नाहीतर मास्तर. मीही थाटीपुरच्या शाळेत गणित शिकवतो. ग्वाल्हेर काही पाण्याचं गाव नव्हे. आमच्याकडे नदी म्हणून जे वाहतं त्याच्याजवळून नाक दाबून जावं लागतं. अशा गावातली ही मुलगी शाळेच्या शिबिराला म्हणून भोपाळला गेली, तिथल्या तलावावर कयाकमध्ये बसली, आणि परत आली ती दुसरीच होऊन. कयाक म्हणजे एका माणसाची होडी, कमरेला बुटासारखी घट्ट बसणारी, आणि हातात दोन्ही टोकांना पाती असलेलं एकच वल्हं. पुढे तलाव तिला पुरेना. नोकरी सोडून ती ऋषिकेशला राहायला गेली आणि मग मोठ्या नद्याही सोडून डोंगरातल्या अरुंद, कोसळत्या ओढ्यांच्या नादी लागली. मी हात टेकले. ती फोनवर हसायची. "दादा, टेन्शन नको घेऊ तू. हा ओढा तर आपल्या गल्लीएवढा आहे." मी म्हणायचो, "गल्लीत कुणी जिन्यावरून होडी सोडतं का?" यावर ती जास्तच हसायची.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्यामागे लागून गढवालला गेलो. म्हटलं, हा काय प्रकार आहे ते एकदा आपल्या डोळ्यांनी बघू. दोन्ही हात पसरले तर काठ लागतील असं वाटावं इतका तो ओढा चिंचोळा होता, आणि दर पंधरावीस पावलांवर पाणी एक पायरी उतरत होतं, कधी कमरेएवढी, कधी पुरुषभर उंच. आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. ही मंडळी मात्र जराही घाईत नव्हती. आधी काठानं चालत जायचं, एकेक पायरी निरखायची, कुठून घुसायचं आणि कुठे वळायचं ते ठरवायचं. मग एकेकानं उतरायचं आणि बाकीच्यांनी खडकांवर उभं राहून हातानं खुणा करायच्या. घरी चहाचा कप जागेवर न ठेवणारी माझी बहीण तिथे एका धोंड्यासमोर पाऊण तास बसून पाणी बघत होती. तेव्हा मला तिचा फार अभिमान वाटला, आणि मी तसं तिला बोललो नाही.

तिनं मला पुलावर थांबायला सांगितलं होतं. फोटो चांगला यावा म्हणून मी वळणाच्या खाली गेलो. तिथे उजव्या काठाला एक मोडकं झाड पाण्यात आडवं अडकलेलं होतं. सकाळी सगळ्यांनी ती जागा पाहिली तेव्हा ते नव्हतं. मधल्या वेळात वरून वाहत आलं असणार. ते मला एकट्यालाच दिसत होतं आणि वरून अनघाची पिवळी होडी निघाली होती. ती वळणावर आली, तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मी अख्खा हात लांब करून त्या झाडाकडे दाखवत राहिलो. तिनं होडी वळवली ती सरळ त्या झाडावरच. पंकजनं दोरी टाकून तिला ओढून काढलं, पण उजवा खांदा निखळला होता.

संध्याकाळी ती हात गळ्यात बांधून बसली होती आणि मी तिला फैलावर घेत होतो. "जिवाच्या आकांतानं हात करत होतो मी, झाड दाखवत होतो. बघत नाहीस का तू?" ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "चुकलं दादा. लक्षच नव्हतं माझं... काही मागव ना खायला, भूक लागली आहे खूप." ही गोष्ट मी घरी येऊन आईला सांगितली, मग येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितली. त्या हिवाळ्यात ती आमच्यासमोर बसून डाव्या हातानं मटार सोलायची आणि माझ्या तोंडून स्वतःचा निष्काळजीपणा ऐकत राहायची. एकदाही तिनं मला थांबवलं नाही.

खांदा बरा झाला, ती परत गेली. या वेळी असाच एक ओढा होता. एका पायरीखाली होडी उलटली, आणि सरळ करताना तोच खांदा सुटला. दोरी तिच्यापर्यंत पोचली होती, असं पंकज सांगतो. एका हातानं तिनं ती धरलीही होती. पण एका हातानं धरून ठेववली नाही.

आईनं दुःख आवरायला राग जवळ केला. समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगायची. "जिद्दी होती. मागच्या वेळेला ह्यानं हात करून करून दाखवलं, तरी ऐकलं नाही." माझंच वाक्य माझ्यासमोर रोज बोललं जात होतं आणि मी मान हलवत होतो.

महिन्याभरानं पंकज तिचं सामान घेऊन आला. आई आत होती. मला बघायचंच होतं म्हणून त्यानं फोनवर त्यांच्या एका जुन्या फेरीचं चित्रण लावलं. त्यात तो स्वतः खडकावर उभा राहून डावीकडे हात करत होता. मी विचारलं, तिकडे काय होतं, दगड? तो म्हणाला, "नहीं भैया, रास्ता. हम लोग ख़तरे की तरफ़ कभी हाथ नहीं करते. पानी में सुनाई तो कुछ देता नहीं. जिधर हाथ, उधर जाना, बस." हे बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं फोन पालथा ठेवला.

मला समजायला वेळ लागला नाही. मीच विचारलं, "उसे पता था?" तो खाली बघत म्हणाला, "उसी दिन से. हम सबको मना किया था, दादा को कोई नहीं बताएगा. बोली थी, दादा का हाथ था, तो मैंने सोचा ही नहीं." पुढे तो बरंच बोलला. खांदा कुणाचाही सुटू शकतो, पाणी जास्त होतं, तुमचा दोष नाही. भला माणूस आहे. मी त्याला जेवायला वाढलं. त्याच्या ताटात मी दोनदा मीठ वाढलं म्हणे. त्यानं ते मुकाट्यानं खाल्लं.

आईला सांगायला मला आठवडा लागला. पुन्हा कुणी भेटायला आलं, पुन्हा ते वाक्य झालं, आणि पाहुणे जिना उतरल्यावर मी तिच्यासमोर बसलो. मुलं शाळेत फळ्यावर चुकलेलं गणित पुन्हा मांडतात तसं सगळं पायरीपायरीनं सांगितलं. झाड कुठे होतं, हात कुठे होता, त्यांच्यात हाताचा अर्थ काय. आई म्हणाली, "म्हणजे ऐकलं तिनं तुझं." मी म्हटलं, "हो. ऐकलं म्हणूनच." "आणि दोन वर्षं तिला माहीत होतं?" "हो." "आणि मी लोकांना..." आई एवढंच म्हणाली. ती माझ्यावर रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती उठली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "तिचं सामान कुठे ठेवलं आहेस तू?"

सामानात दोरीची एक पिशवी होती, लाल, हातभर उंचीची. कुणी पाण्यात सापडलं की ती त्याच्याकडे फेकायची. दोरी आतून आपोआप सुटत जाते. ही पिशवी ज्याची त्यानंच भरायची असा त्यांचा नियम. दुसऱ्यानं भरलेलीवर कुणी विसंबत नाही, कारण एक गुंता म्हणजे एक जीव. ही अनघानं त्या शेवटच्या सकाळी भरलेली. पंकज बजावून गेला होता की दोरी आतून अजून दमट आहे, काढून वाळवा, नाहीतर कुजेल. माझं धाडस होत नव्हतं. आईनं पिशवी उचलली आणि आम्ही गच्चीवर गेलो. मी ओढत होतो, आई दोरी कठड्यावर पसरत होती. मुठीमुठीनं दाबून भरलेली ती दोरी तशीच बाहेर येत होती, बारीक वळणं घेऊन, तिच्या मुठीएवढी. मी रडत होतो. आई म्हणाली, "सावकाश ओढ." उन्हानं दोन दिवसांत सगळी वळणं सरळ केली.

आता ती परत भरायची आहे. मी पंकजला फोन करून विचारलं, तो म्हणाला, पूर्ण मावते, घाई करू नका. शाळेतून आलो की आम्ही दोघं बसतो. आई पिशवीचं तोंड धरते, मी मूठमूठ दोरी आत दाबत जातो. पिशवी तीच, दोरी तीच... पण रोज दोन हात दोरी बाहेरच राहते.