सर्दीचं निमित्त

नागोराव पहिल्यांदा खोटं बोलले ते शेजाऱ्यांशी, आणि तेही किरकोळ. "पोरीला सर्दी झालीय." उत्कर्षा तेव्हा पाच वर्षांची होती आणि तिच्या स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या. साध्या गाठी, कॅन्सर नव्हे, असं डॉक्टर म्हणाले. पण काढल्या की पुन्हा उगवत, आणि दर ऑपरेशनला आवाज आणखी घोगरा होई. वर्ध्याहून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर म्हणून आलेले नागोराव पुण्यात आपली वऱ्हाडी बोलीसुद्धा झाकून ठेवत. पोरीचा हा आवाज त्यांना कसा झेपणार?

मग ती सर्दी बाराही महिने टिकली. शाळेतल्या बाईंना सर्दी, पाहुण्यारावळ्यांना सर्दी. हिंजवडीत कंपन्या आल्या, तशी कंपनीतली स्थळंही येऊ लागली. एका मुलाच्या आईने विचारलं, "शिक्षण काय झालंय तुझं?" उत्कर्षा तोंड उघडणार तोच नागोराव म्हणाले, "एम.एस्सी. आज जरा सर्दी आहे तिला." पुढची सगळी उत्तरंही त्यांनीच दिली. शेवटी त्या बाई म्हणाल्या, "मग लग्नाला आपणच उभे राहणार का?" स्थळ गेलं. उत्कर्षा काही बोलली नाही आणि नागोरावांना तेच बरं वाटलं. हे आठवलं की त्यांना अजून स्वतःची शरम वाटते.

पुढे तिने पीएच.डी.ला याच गाठींचा विषय घेतला आणि व्हायवाला आईबाबांना बोलावलं. सगळं इंग्रजीत चाललं होतं. शेवटी परवानगी घेऊन ती त्यांच्यासाठी मराठीत बोलली.

"पेशीला बाहेरून निरोप येतो, वाढ म्हणून. तो आत एका रेणूकडून दुसऱ्या रेणूकडे जात पेशीच्या केंद्रापर्यंत पोचतो. काम झालं की थांबायला हवा. या गाठींत तो थांबत नाही आणि पेशी उगाच वाढत राहतात. त्याला वाटेत कुठे अडवता येईल, ते मी शोधलं."

"जरा मोठ्याने बोलता का?" परीक्षक म्हणाले.

नागोराव उभे राहिले. का, ते त्यांनाही कळलं नाही. "सायेब, तिले सर्दी झाली हाये." भर सभागृहात, वऱ्हाडीत. शेजारी बसलेल्या विमलाबाईंनी नवऱ्याला सदरा धरून खाली ओढलं.

"मला सर्दी नाही, सर," उत्कर्षा म्हणाली. "लहानपणापासून याच गाठी आहेत. अकरा ऑपरेशनं झाली. माझा आवाज हाच आहे, मी माइक घेते." आणि ती पुढे बोलू लागली.

नागोरावांनी मान वर केली नाही. त्यांचे कान तापले होते. इतकी वर्षं त्यांना पोरीच्या आवाजाची लाज वाटत आली होती. आज स्वतःच्या तोंडाची वाटली.

चहाच्या वेळी परीक्षक जवळ आले. "आपण उत्कर्षाचे कोण?"

नागोरावांनी तिच्याकडे पाहिलं. ती त्यांच्यासाठी उत्तर द्यायला पुढे झाली नाही. कप हातात धरून शांत उभी राहिली.

"वडील," ते म्हणाले. पण इतकं हळू, की परीक्षकांना पुन्हा विचारावं लागलं.